त्या गावचं पाणी

गुरुवार, संध्याकाळ

उगीच बोललो आज. मन थाऱ्यावर नाही.

पारावर आम्ही पेन्शनर बसलो होतो. टूम निघाली, प्रत्येकानं आपल्या घराण्यातली कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट सांगायची. एकाचे आजोबा म्हणे निजामाच्या फौजेत बँड वाजवायचे! लय हसलो. मग मी सांगितलं, पणजोबांपासून आमच्या घरचं कुणी पालमजवळच्या त्या गावचं पाणी पीत नाही. गावाचं नाव लिहायला आत्ता हात धजत नाही. कारण मला ठाऊक नाही. वडील एवढंच म्हणायचे, घसा सुकला तरी तिथल्या तांब्याला हात लावायचा नाही.

सगळे हसले. किसनराव कंपाउंडर तेवढे हसले नाहीत. ते मूळचे त्याच गावचे.

"तुमच्या पणजोबाचं नाव काय हो?"

सांगितलं. मग म्हणाले, "ते नाव निघालं की आमची आजी भरला तांब्या पालथा करायची."

का? "मला नका इचारू."

आणि मी नातीची, सोनालीची, सोयरीक त्याच गावात जमवलीय. मुलगा चांगला, घर चांगलं, म्हटलं जुनी खुळं कशाला धरायची! परवा पारावर पेढेसुद्धा वाटले.

निघताना किसनराव कोपऱ्यापर्यंत सोबत आले. हळूच म्हणाले, "रविवारी सुपारी फोडायला जायलाव ना? पाणी घरून न्या."

तो पालथा तांब्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही एका दिवसाचं पाणी नेऊ. सोनाली जन्मभर काय पिणार?