कात्री लावलेली कार्डं

गुरुजी, वाचनाची ती पत्र्याची पेटी तुम्हाला आठवत असेलच. दुष्काळाच्या साली खर्ड्याजवळच्या आपल्या शाळेत ती आली. तुम्ही हेडमास्तर, मी नवी बाई, तिसरं माणूस नाही. तालुक्याला प्रशिक्षण घेऊन मी ती एसटीत मांडीवर ठेवून आणली होती. आत चित्रांची कार्डं, चित्राखाली ठसठशीत शब्द, आणि रोज कोणतं कार्ड दाखवून काय बोलायचं ते सांगणारी मार्गदर्शिका. प्रशिक्षणात मला एवढंच पक्कं कळलं होतं की पेटी डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या, नोंदवहीत चढली आहे, एक कार्ड हरवलं तरी जाब आपल्यालाच. म्हणून मी मुलांना हात लावू देत नसे. लांबून दाखवायचे आणि मुलं ओरडायची, मगर, नळ, बदक. महिनाभरात वर्ग धडाधड बोलू लागला आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. तुम्ही दारात उभे राहून ऐकायचात आणि काही न बोलता निघून जायचात. मला वाटायचं, गुरुजींना नव्याचं कौतुक नाही.

पहिलीतल्या त्या चुणचुणीत मुलीचे आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. तान्ह्या भावाला सांभाळायला तिलाही तिकडे न्यायचं बापाच्या मनात होतं. वाचता येत असलं तरच शाळेत ठेवतो, म्हणाला. बाजाराच्या दिवशी शाळेसमोर एसटी थांबली, तशी त्याने आपल्या दोघांदेखत तिला गाडीची पाटी दाखवली आणि गाडी कुठली ते वाचायला सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ह्याच्यावर चित्र न्हाई.” बाप हसला नाही. उद्यापासून पोरगी कामावर येईल, एवढंच म्हणाला. तुम्ही त्याच्याकडून पुढच्या बाजारापर्यंतची मुदत मागून घेतलीत.

त्याच दुपारी तुम्ही तिला जवळ बसवून कार्डं तिच्या हातात दिलीत. चित्रावर अंगठा ठेवलात की ती गप्प, काढलात की बोलायची. मग तुम्ही माझ्याकडे कात्री मागितलीत. मी म्हटलं, तपासणीला साहेब विचारतील.

“विचारू द्या. पेटी साहेबाची हाय, बाई. पोरगी आपली हाय.”

चित्र वेगळं झालं, शब्द वेगळा झाला, मग शब्दातलं एकेक अक्षर. अक्षरं सुटी करून दाखवावीत, असं मार्गदर्शिकेतही कुठेतरी होतं. मी वाचलं होतं, पण ते कशासाठी हे मला उमगलं नव्हतं. आठवडाभर ती जमिनीवर ते तुकडे मांडत, मोडत बसली. एके दिवशी तिने मगरीतला म उचलून बाजूला ठेवला, तिथे नळाचा न आणला, बोट फिरवलं आणि उठून थेट रस्त्यावर पळाली. गाडी निघून गेलेली होती. पुढच्या बाजाराला तीच पाटी तिने बापाला एकेक अक्षर ओढत वाचून दाखवली, न, ग, र. बापाने ऐकून घेतलं. “दमानं वाचती, पर वाचती,” म्हणाला. तान्ह्याचं बघू काहीतरी, म्हणत तिला तिथेच सोडून तो बाजाराला गेला.

पुढे मीच प्रशिक्षणं देऊ लागले, गुरुजी. कात्रीची गोष्ट रंगवून सांगितली, सगळ्यांना फार आवडली. नंतर शाळांवर गेले तर जिकडे तिकडे कार्डं कापलेली, पाकिटांत नीट भरलेली, आणि बाई ते तुकडे लांबून दाखवतायत, मुलं ओरडतायत, म, ग, र. आधी मला हसू आलं, मग फार वाईट वाटलं. तुमची कात्रीसुद्धा पेटीत जाऊन बसली होती. कात्रीच्या आधी तुमचा अंगठा होता आणि त्याच्याही आधी महिनाभर दारात उभं राहून मुलांचं ऐकणं होतं. ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण मी त्याला तुमचा रुसवा समजत होते.

तुम्ही गेलात, हे पत्र टपालात टाकायला पत्ता नाही, तेव्हा राहील खणात. पण खरं सांगते, त्या शाळा पाहिल्यानंतर काही शिकवायच्या आधी मी पुष्कळदा वर्गाच्या दारात नुसती उभी राहिले. आतल्या बाईंना वाटायचं, यांना कौतुक नाही.