शोकेस आणि माझे तळपाय

ती. मामांस,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला असेल आणि तुमच्यावरचा राग अजून गेला नसेल, असं धरून चालतो. आम्ही इथे बरे आहोत, म्हणजे तुमचे जावई इथून गेल्यापासून बरे आहोत.

चपलांचं दुकान या मोसमात चाललं नाही तर गाळा विकून टाकू, असं तुम्ही म्हणालात. गाळा तुमचा, मी पडलो भाचा. वर तुम्हीच, शोकेस सजवायचा कोर्स केलाय म्हणून जावयांना पाठवलंत. (कोर्स केवढा, ते मी विचारलं नाही. जावयाचा पगार आणि कोर्स विचारू नये.) आल्या आल्या त्यांनी आमच्या शोकेसकडे असं पाहिलं, जसं मामी माझ्या बायकोच्या ओट्याकडे पाहतात. त्या काचेला वर्षानुवर्षं खोक्यांची भिंत होती. गिऱ्हाईक बाहेरून बोट दाखवायचं, मी आतून नेमकं तेच खोकं ओढायचो आणि वरची सगळी माझ्या डोक्यावर यायची. ही आमची पद्धत. जावई म्हणाले, गर्दीत काही दिसत नाही, रिकामी जागा बोलते. खोकी माळ्यावर गेली. काचेत एक उंच स्टूल आलं आणि त्यावर एक काळा बूट. जोड नव्हे, बूट. दुसरा कुठे, तर म्हणे गिऱ्हाइकाच्या कल्पनेत. वर झगझगीत दिवा, मागे काहीच नाही.

काहीच नाही हे त्यांचं मत. मागे मी होतो. जेवण झालं की गल्ल्यामागे आरामखुर्चीत मी डोळा लावतो (तुमच्याकडूनच शिकलो). भिंतीमुळे हे रस्त्याला ठाऊक नव्हतं. आता बुटाचा दिवा थेट माझ्यावर. पाय समोरच्या बाकावर, पायात त्या लोकरी सपाता, ज्या तुम्ही हट्टाने मागवल्यात आणि ज्यांना कुत्रंही विचारत नव्हतं. तळाला किमतीची चिठ्ठी तशीच, कारण जाग आली की त्या पुसून पुन्हा खोक्यात जायच्या. (मामींना सांगू नका, त्यांनी एक जोड नेलाय.)

डोळे उघडले तर काचेला नाकं चिकटलेली. शेजारच्या न्हाव्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही सोबत आणलं होतं. एक बाई आत येऊन म्हणाल्या, "अहो, ह्याच सपाता द्या. आमच्या सासऱ्यांना झोप नाही, आणि ते आम्हालाही झोपू देत नाहीत." त्यांच्यामागे बाकीचे आले. पडून राहिलेला माल भराभर गेला. बुटाची चौकशी एकानेच केली, की हा कोणाचा हरवलेला सापडलाय का.

जावई म्हणाले, हे सगळं आराखड्यात होतंच, याला जिवंत मांडणी म्हणतात. आयत्या बिळावर नागोबा कसा दिसतो ते मी जवळून पाहिलं. मग मला सूचना सुरू झाल्या: डावा पाय दिव्याकडे, तोंड थोडं मिटून, घोरलात तरी चालेल. मी त्यांना गोड बोलून गाडीत बसवून दिलं. तेव्हा मामा, गाळा विकू नका. दुकान चालतंय, आणि ते जावयांमुळे नाही, एवढं कळवायला हे पत्र.

तुमचा भाचा

ता. क. दुसरा बूट गिऱ्हाइकाच्या कल्पनेत नाही, माळ्यावरही नाही. जावयांच्या बॅगेत बघा.

आणखी एक. लोक बघताहेत म्हटल्यावर मला झोपच येईना झालीय. नुसते डोळे मिटून पडतो, पण न्हावी बाहेर सगळ्यांना सांगतो की सोंग आहे. उरलेल्या सपाता पुन्हा पडून आहेत आणि मला गाळ्याची धास्ती वाटते, म्हणून तर आणखीच झोप उडते. तुम्ही पोरीच्या लग्नात, व्याह्यांचं भाषण चालू असताना पहिल्या रांगेत झोपला होतात. या ना आठवडाभर. इथे जिना नाही, खुर्ची नव्याने विणून घेतलीय.

येताना जावयांना घेऊन या. तो दिवा तसा लावायला इथे कोणालाच जमत नाही. पत्र मात्र त्यांना वाचून दाखवू नका.