दीड दिवसात आटोपलं

९ जानेवारी, सकाळ
आली. मागच्या खोलीत मुक्काम.

बाहेर बसण्याबिसण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, हे आधी लिहून ठेवते. सेहेचाळीस वर्षांची, बी.कॉम. झालेली बाई मी. पण सासूबाईंचं मन मोडवत नाही. लग्न झाल्यापासून त्यांच्यासाठी हा त्याग चालू आहे. चार दिवस स्वयंपाक त्या करतात, मला कशाला हात लावू देत नाहीत. मी सहन करते.

मुख्य म्हणजे वाल सोलायचे नाहीत. आमच्या रोह्याच्या घरात बिरड्याशिवाय कोणाचा घास उतरत नाही. भिजलेल्या वालांचा तो वास, नखांत अडकणारी बुळबुळीत सालं. शी.

या चार दिवसांतले संकल्प: स्पोकन इंग्लिशचा कोर्स (लॉकडाऊनपासून पेंडिंग), दोन ब्लाउज, प्राणायाम.

दुपार
सुशीलने चहा उंबऱ्यावर ठेवला. नवऱ्याला साखर घालायची आठवण राहिली नाही, साय मात्र घातली. वर तरंगणारी ती साय बोटाने काढून खिडकीबाहेर टाकली. सिरीयलचे सहा भाग पाहिले. इंग्लिश उद्यापासून.

१० जानेवारी, संध्याकाळ
संपली. दीड दिवसात गणपती जातो, पाळी नाही. हा कसला प्रकार?

नेटवर कारणं बघितली. ताण: आहे, बाहेर भाकऱ्या थापतोय. वजन कमी होणं: हे असणार, सोमवारपासून मी भात निम्मा करणार आहे. थायरॉइड: शक्य आहे, सगळ्या चांगल्या घरांतल्या बायकांना असतो. गर्भधारणा: सुशील नाइट शिफ्टवरून येतो आणि मोज्यांसकट झोपतो. त्या वासात काही संभवत नाही. वय: ज्यांना लागू असेल त्यांनी बघावं.

माझं निदान वेगळं आहे. माझ्या हाताला मुळात उरक आहे. शरीरालाही असणार. चार दिवसांचं काम दीड दिवसात.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१२ जानेवारी
अजून मागच्या खोलीतच. आई गुडघे धरून उठतात, बसतात, पुन्हा उठतात. या वयात हालचाल हवीच.

एक पथ्य पाळते. रोज पेपराचा पुडा बांधून कचऱ्याच्या डब्यात वरच दिसेल असा ठेवते. आत नुसता दुसरा पेपर. कुणाला उगाच काळजी नको.

इंग्लिश राहिलं. ब्लाउजचं कापड सापडत नाही.

८ फेब्रुवारी
आली म्हणायची की नाही, देव जाणे. दुपारी एक डाग, संध्याकाळी तोही नाही. यावेळी पाच दिवस बसणार. मागचं राहिलेलं भरून काढायला नको?

लेकीला, किमयाला, पनवेलच्या हॉस्टेलवर फोन केला. म्हणाली, मम्मी, पेरिमेनोपॉज असेल, डॉक्टरला दाखव. आईशी काय बोलावं याची रीत राहिली नाही. रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला.

खिडकीतून शेजारच्या सायराला विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, माझं पण दुकान आवरत आलंय गो रोहिणी. तिचं आवरत आलं असेल. ती माझ्याहून चांगली चार महिन्यांनी मोठी आहे.

कारण सापडलं. ग्रीन टी. उद्यापासून बंद. तशीही चव भिजलेल्या केरसुणीची.

११ मार्च
तारीख उलटून गेली. काहीच नाही. तरी बसले. शरीर विसरलं म्हणून आपण शिस्त सोडायची का? विरोध असला तरी रीत ती रीत.

आईंनी नुसतं बघितलं. पुडे चालू.

१४ मार्च, दुपार
गडबला माहेरी जाते सांगून पेणला डॉक्टर रिझवानांकडे. रोह्यात दाखवलं असतं तर मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती.

एसटीत शेजारच्या माणसाने मांडीवर सुकटीची पिशवी घेतली होती. उघडी. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या नाकापर्यंत यायची. या खड्ड्यांनीच आतलं काहीतरी सरकलं असणार. ग्रीन टीला दोष देण्यात घाई झाली.

दवाखान्यात बाकावर समोर कोण, तर आईंची भाची, वैशाली. म्हणाली, काय गो वयनी, तू इकडं? मी म्हटलं, दात. भिंतीवर पोटातल्या बाळाचं हे एवढं चित्र होतं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. बाळ नाही, गाठ नाही. थायरॉइडसाठी रक्त घेतलं. म्हणाल्या, आजार दिसत नाही, वयाप्रमाणे पाळी आवरती होते आहे, घाबरू नका. मी विचारलं, पूर्ण चार दिवस यावी म्हणून काही गोळी? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, माझ्याकडे बायका पाळी लांबवायला येतात, थांबवायला येतात. हे मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

१४ मार्च, संध्याकाळ
वैशालीचा फोन येऊन गेला होता.

मी मागच्या खोलीत पुडा बांधत होते. आई दारात आल्या. मी बाहेर बसलेली असताना हा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. आज ओलांडला, सरळ खाटेवर माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, दात बरा हाय ना गो?

त्यांनी माझ्या हातातला पुडा घेतला, सोडला, आतल्या पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. म्हणाल्या, आमच्या वेळेला पेपर नव्हते. माझं बंद झाल्यावर दोन वर्सं मी चांगली फडकी पाण्यात बुचकळून दोरीवर वाळत घातली. तेवढंच चार दिस पाठ टेकायला मिळायची.

मला एकदम भरून आलं. म्हटलं, म्हणजे आई, तुम्हाला माझं कळतंय.

म्हणाल्या, कळतंय तर. माझ्या सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं, मला दिसतंय. ऊठ. आता विटाळ नाय, तर देवाचं पण बारा महिने तूच बघ.

१६ मार्च, सकाळ
चिंचेने देव घासले. बोटं काळी, वास जात नाही. भाकऱ्या झाल्या. परातभर वाल सोलायचे आहेत. थायरॉइडचा रिपोर्ट आला. नॉर्मल. तेही गेलं.

आई मागच्या खोलीत आडव्या झाल्यात. गुडघ्यांना तिथली हवा मानवते म्हणे. फॅन पाचवर, मोबाइलवर माझीच सिरीयल.

सुशील आत्ताच त्यांना चहा देऊन आला. साखर घालून.