टँकर न्हाय तरी

अहो,

भाकरी टोपल्यात झाकून ठिवल्यात. आज टँकर येणार न्हाय, तरी मी शाळंच्या मैदानावर चालले. पाणीच न्हाय तर कशाला जातीस, असं तुमी रात्री इचारलं, त्येचं उत्तर हितं लिवते. टँकर यीस्तवर मैदानात घागरी नंबराला लावून आमी बाया भांडत बसायचो, म्हणून चांगुणा मास्तरणीनं तिथंच आमाला कवायत शिकवली. आता भांडणं मिटली, आन् समद्यांसंगं हात वर केले की माझ्या छातीवरचं दडपण उतरतं.

बाळ गेल्यापासून घरात आपण दोघंबी दबक्या आवाजात बोलतो. आज कवायतीचे आकडे मोठ्यानं म्हणायची पाळी माझी हाय. मैदानाकडची मागची खिडकी उघडी ठिवा, तुमाला ऐकू यील.

अयोध्या