कलम एकवीस आणि बांधलेली होडी

बाई,

तुम्हाला नागरिकशास्त्रातला एक प्रश्न विचारायचा आहे. तुम्ही आता या जगात राहिला नाहीत हे मला ठाऊक आहे, पण अडलं की तुम्हाला विचारायचं ही सवय अजून मोडलेली नाही. मी अंधेरीच्या त्याच भागात राहतो. आपली कौलारू शाळा होती तिथे आता काचेची इमारत आहे. संध्याकाळी फिरायला गेलो की शाळेचं फाटक होतं त्या जागी जरा थांबतो. तिथल्या रखवालदाराला वाटतं, म्हातारा रिक्षाची वाट बघतोय. बायकोला जाऊन आता दुसरा गणपती येईल. रडूबिडू येत नाही. सकाळी दूध तापवायला ठेवतो, ते उतू जातं, ओटा पुसतो, दिवस जातो.

प्रश्न असा. देशातलं सगळ्यात वरचं न्यायालय कायदा करतं, की असलेल्या कायद्याचा नुसता अर्थ लावतं?

तुमचं उत्तर मला पाठ आहे. आमच्या शाळेत मतदान झालं होतं, म्हणून दोन दिवस सुट्टी होती, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात आलात ते बोटावरची काळी शाई दाखवत. खडू उचललात, पण फळ्यावर काहीच लिहिलं नाहीत. म्हणालात, "हे बोट बघून ठेवा. कायदा इथून सुरू होतो. आम्ही निवडून देतो, ते बसून कायदा करतात, सरकार तो राबवतं, आणि भांडण झालं तर न्यायाधीश त्याचा अर्थ सांगतो. न्यायाधीशाला कुणी निवडून दिलेलं नाही. त्याने स्वतःच्या पदरचं त्यात काही घालायचं नाही." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, न्यायाधीश शहाणा असला आणि निवडून आलेला गाढव असला तर? वर्ग हसला, तुम्हीही हसलात. मग तुम्ही म्हणालात, "गाढव पाच वर्षांनी बदलता येतं. शहाण्याला कसा बदलणार?" हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं. साकीनाक्याच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत वाद निघाले की शेवटी हेच टाकायचो, आणि समोरचा डबा आवरायला घ्यायचा.

पण त्याच वर्षी तुम्ही आम्हाला ती होडीची कविता शिकवली होती. कवीचं नाव गेलं डोक्यातून, चाल तेवढी राहिली आहे. काठाला बांधलेली एक होडी, पाणी चढतं आणि उतरतं, दोर ताणतो आणि सैल पडतो, एवढंच होतं तिच्यात. तुम्ही खिडकीशी उभ्या राहून ती म्हणायचात आणि बाहेरचं पेरूचं झाडसुद्धा ऐकतंय असं मला वाटायचं. रसग्रहणात मी लिहिलं की या होडीचा नावाडी वारला आहे आणि होडीला ते माहीत नाही. तुम्ही मला उभं केलंत. मी आत्ताही उभा आहे, हाफ पँटच्या खिशात हात, आणि तुम्ही विचारताय, "नावाडी कुठे आहे रे यात? ओळ दाखव मला." मी म्हणतो, ओळीत नाही बाई, पण होडी बांधलेली आहे म्हणजे कुणीतरी बांधली असणार. "मग तो घरी जेवायला गेला असेल. तू त्याला मारून का टाकलास?" वर्ग हसतो. हसू ओसरल्यावर तुम्ही हळू आवाजात सांगता की ओळीत नाही ते ओळीच्या तोंडी घालू नये, तो कवीवर अन्याय असतो.

आता बायकोबद्दल सांगतो. तुम्ही तिला पाहिलं नव्हतं, पण ती तुम्हाला चांगली ओळखायची. मी फार पुस्तकी बोलायला लागलो की म्हणायची, "आल्या तुमच्या बाई." मालवणकडची, गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मुलगी, बोलायला फटकळ. तिची थोरली बहीण घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात कितीतरी दिवस मशीनवर होती. नळ्या ओढू नयेत म्हणून तिचे हात बँडेजने कॉटला बांधले होते. शेवटी शेवटी ते हात बांधायचीही गरज उरली नव्हती, तरी बांधलेलेच होते. तिथून परत आल्यावर ही बराच वेळ मोरीत पाय धूत बसली. मग बाहेर येऊन म्हणाली, "माझं असं करायचं नाही. कुठे लिहून द्यायचं ते बघा."

मी बघितलं. कुठल्या कायद्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं. होता तो एक निकाल. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात एवढंच म्हटलं आहे की कायद्याच्या रीतीशिवाय कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलं होतं, त्यात मरणाचा उल्लेखही नाही. पण पाच न्यायाधीशांनी त्या 'जीवित' शब्दाकडे बघितलं आणि म्हणाले, जगणं म्हणजे मानाने जगणं, आणि मानाने जगण्यात मानाने जाणंही आलं. म्हणून बरं होण्याची आशा नसेल तर मला मशीनवर ठेवू नका, असं माणसाला आधीच लिहून ठेवता येईल. एवढ्यावर ते थांबले नाहीत. साक्षीदार किती, सही कुणापुढे, डॉक्टरांनी किती वेळा तपासायचं, हेही त्यांनीच ठरवून दिलं, आणि संसद कायदा करत नाही तोवर हाच कायदा, असं सांगून टाकलं. पुढे काही वर्षांनी लोकांना मॅजिस्ट्रेटची सही मिळेना, तेव्हा त्याच न्यायालयाने ती अट काढून नोटरी चालेल असं केलं. म्हणजे दुरुस्तीसुद्धा त्यांनीच केली. संसद गप्पच.

मी हे सगळं हिला वाचून दाखवलं आणि, माझ्यातले तुम्ही जागे झाल्यामुळे, म्हणालो की हे काही बरोबर नाही, हे काम निवडून दिलेल्यांचं आहे. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं मरण काय अधिवेशनाची वाट बघणार आहे?" आणि थोड्या वेळाने, "काय तां एकदा करून टाका."

तर आम्ही नोटरीकडे जाऊन कागद केला. त्याची एक प्रत महापालिकेकडे ठेवायची असते, म्हणून वॉर्ड ऑफिसात गेलो. आरोग्य खात्याची जी खिडकी होती तिथेच जन्ममृत्यूचे दाखले मिळायचे. आतल्या माणसाने कागद उलटा सुलटा केला, पेन उघडलं आणि विचारलं, "मयताचं नाव?"

ही म्हणाली, "मीच."

"मावशी, मयताचं विचारतोय मी."

"तेच सांगते ना. अजून व्हायची आहे, पण नाव हेच राहील."

त्याने पेन खाली ठेवलं. भला माणूस होता, बिचारा उठून बाहेर आला, आम्हाला बाकावर बसवलं. मी त्याला निकालाचं सगळं समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जीआर आहे का याचा?" बाई, तुमच्या काळी या शब्दाचं एवढं प्रस्थ नव्हतं. जीआर म्हणजे शासन निर्णय. आपल्याकडे सरकारी टेबलावर कायद्यापेक्षा मोठा जीआर. मी म्हणालो, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो कायदाच असतो, साऱ्या देशाला लागू. तो म्हणाला, "मी नाही म्हणतोय का साहेब? पण निकाल लागला दिल्लीला. माझ्या टेबलावर तो जीआर होऊन यायला लागतो. निदान सर्क्युलर तरी." मी हट्टाला पेटलो. त्याच्याशी, मग त्याच्या साहेबाशी, मग पुन्हा त्याच्याशी, वेगवेगळ्या दिवशी जाऊन भांडलो. संसदेने केला नाही म्हणून तो कायदा नाही असं होत नाही, हे तुमचा विद्यार्थी तुमच्याच आवाजात, तुमच्याच हातवाऱ्यांसकट, तुमच्या विरुद्ध सांगत होता. ही शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसायची आणि हसू दाबायची. अखेर साहेबांनी वर विचारलं, आणि कागद शिक्का मारून ठेवून घेतला.

त्यानंतर आमच्या घरात जीआर शिरला. दुसऱ्यांदा चहा मागितला की ही विचारायची, जीआर आणलाय? मुलगी मुलुंडहून येते म्हणाली की ही फोनवर, येण्याचा जीआर काढ आधी, मग मासे आणते. गोरेगावच्या नाटकाला जायचं, मला कंटाळा आला, तर म्हणे, न जाण्याचा जीआर दाखवा. एका शब्दावर आम्ही किती दिवस काढले.

मग ती स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटल, मशीन, नळ्या. हात बांधले नव्हते, ते मी आधी बघितलं. डॉक्टरीण तरुण होती, शांत. तिने थोडे दिवस जाऊ दिले आणि मग आम्हाला एका लहान खोलीत बसवून सांगितलं की यातून त्या परत येणार नाहीत. मुलीने पिशवीतून आईचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. डॉक्टरणीने तो दोनदा वाचला. म्हणाली, "काका, मला हे पाळायचंय. पण आमच्याकडे असं पहिल्यांदाच होतंय. वकिलांना विचारते." तिने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून वकिलाचा आवाज आला, "याचा ॲक्ट कुठला? पार्लमेंटने केलेला नाहीये ना हा?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आणि मी उत्तर दिलं. वॉर्ड ऑफिसात घोटून घोटून ते इतकं तयार झालं होतं की कुठे अडखळलो नाही. एकविसावं कलम, पाच न्यायाधीश, जोवर संसद करत नाही तोवर हाच कायदा, नंतरची दुरुस्ती, नोटरी, महापालिकेचा शिक्का. तोंडी परीक्षेला उभा राहिल्यासारखं सगळं बिनचूक. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग वकील म्हणाला, "बरोबर आहे सरांचं. प्रोसीजर करा." डॉक्टरांच्या एका मंडळाने बघितलं, मग दुसऱ्या मंडळाने, मग मॅजिस्ट्रेटला कळवलं, आणि एका दुपारी मशीन बंद केलं. मुलगी पाय धरून बसली होती. मी भिंतीवरच्या एसीकडे बघत होतो, त्याच्या पट्ट्या वर खाली होत होत्या. ही काही वेळ आपली आपण श्वास घेत होती. मग तेही नाही.

तेव्हापासून मला हा प्रश्न पडला आहे, बाई. आधी तो वादापुरता होता. तो अर्थ त्या कलमात पहिल्यापासून असेल, आणि न्यायाधीशांनी तो नुसता वाचून दाखवला असेल, तर मीही नुसतं वाचलं. घटनेत लिहिलेलं होतं, हिने मागितलं, मी वाचून दाखवलं. पण ओळीत तसं काही नसेल, त्या पाच जणांनी ते आपल्या पदरचं घातलं असेल, तर मग ते त्यांनी केलं आणि त्या खोलीत बसून मी केलं. दुपारी पडल्या पडल्या तुमचा आवाज येतो. तू त्याला मारून का टाकलास? तुम्ही रागाने विचारत नाही. तेव्हाही रागाने विचारलं नव्हतं.

शाळा सुटली त्या वर्षी निरोपाच्या दिवशी मी नळाशी पेढ्याचे हात धूत होतो. तुम्ही मागून आलात, पदराला खडूची पूड होती. म्हणालात, "तुझी ती होडी मी घरी जाऊन परत वाचली. नाही सापडला मला तुझा नावाडी. पण आता त्याच्याशिवाय मला ती कविता वाचता येत नाही, त्याला काय करू?" मी, सोळा वर्षांचं पोर, नुसता हसलो आणि ओले हात पँटला पुसले. आता वाटतं, मला हवं ते उत्तर तुम्ही तेव्हाच देऊन ठेवलं असावं. न्यायाधीशांनी तो अर्थ तिथे आणला की तिथेच सापडला, हे आता कुणाला सांगता यायचं नाही. एवढं खरं की त्यांनी वाचल्यानंतर ते कलम कुणालाच आधीसारखं वाचता येणार नाही. बोटावरच्या शाईतून निवडून न आलेल्या माणसांनी असं करावं का, तर तुमचं म्हणणं अजून मला खोडता आलेलं नाही. आणि ही बहिणीसारखी मशीनला बांधलेली राहिली नाही, तेही त्यांच्याचमुळे.

हे लिहून झालं की घडी घालून कपाटात ठेवीन, साड्यांखाली. टपालात टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि मुलीला दाखवायचं नाही, कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. तिला वाटतं, बाबांनी त्या दिवशी आईसाठी किती ठाम बाजू मांडली. मांडली मी. पण वकील फोनवर गप्प होता ना, तेवढा वेळ मी वाट बघत होतो. मला वाटत होतं, त्याने म्हणावं, ते सगळं ठीक आहे, पण जीआर कुठाय? माझ्याजवळ तो नव्हता.