दारावरची हाक

४ नोव्हेंबर
चर्चच्या पाळकांना आज गाठलंच. उपासना संपल्यावर म्हटलं, मला शिकवाल का? प्रार्थना कशी करायची, वचन कसं वाचायचं, मला वाचायला वेळ लागतो. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जरूर, बाळा! तुझ्यासाठी प्रार्थना करतो." आणि हात पुढच्याच्या खांद्यावर. नाव परत विचारलं. गेल्या रविवारीही विचारलं होतं!

मावशीने मला प्रभूकडे आणलं. मी गावाहून कामासाठी निघताना म्हणाली, "तिकडे एक माणूस धर रे. एकट्याचा विश्वास टिकत नाही." मी इथे पोचलो नि ती गेली. मातीलाही जाता आलं नाही.

७ नोव्हेंबर
प्रार्थना केली. भिंतीशी बोलल्यासारखं.

११ नोव्हेंबर
मंडळीतल्या गाणाऱ्या दादालाही तेच विचारलं. म्हणाला, लवकर ये, बोलू. लवकर गेलो. सगळ्या खुर्च्या माझ्याकडून लावून घेतल्या. नंतर म्हणतो, "तुझ्यात सेवेचं दान आहे!" दान कसलं, ओझी उचलणारी पाठ आहे.

१४ नोव्हेंबर
कोल्ड स्टोअरमध्ये माशांच्या पेट्या रचून बोटं बधिर झाली, पेन धरवत नाही. इथला नियम — आत एक, दारावर एक. दारावरचा थोड्या थोड्या वेळाने हाक मारतो, "आहेस का रे?" आतल्याने ओ द्यायची. नाही दिली तर तो आत येतो. थंडीत माणूस गपकन बसतो, त्याला कळतही नाही.

माझ्या जोडीला म्हातारा कुलूप. बोलत नाही म्हणून सगळे कुलूप म्हणतात. मी काका म्हणतो. डबा खाताना रविवारच्या खुर्च्यांचं सांगितलं, मग विचारलं, काका, तुम्ही देवाला मानता? "जेव."

झालं. आमचा सत्संग संपला.

१९ नोव्हेंबर
आईचा फोन. "आता तरी सोड ते. तुझ्या देवाने तुला काय दिलं?" फोन ठेवला. रोज हाका मारतोय त्याला, तो ओ देत नाही. किती दिवस मारायच्या?

या रविवारी जाणार नाही. ठरलं.

२२ नोव्हेंबर
आज वाईट केलं.

पेट्यांमागे बसलो. बाहेरून हाक आली, "आहेस का रे?" ऐकू आली, चांगली. गप्प राहिलो. मनात आलं, बघू तरी, कोणी येतं का. परत हाक. परत गप्प. डोळे मिटले, बरं वाटत होतं. तेच भयंकर.

कुलूप आत आला — जाकीट नाही, हातमोजे नाहीत! मला ओढताना उघड्या हाताने गोठलेली लोखंडी मांडणी धरली. तळव्याची कातडी तिथेच चिकटून राहिली.

बाहेर आणून मला हलवत होता. शुद्धीत आहे कळल्यावर एक ठेवून दिली, त्याच हाताने. माझ्या गालाला त्याचं रक्त. "गाढवा! हाक ऐकली होतीस?"

हो म्हटलं.

"मग ओ द्यायची! मन असो नसो. मी काय भाषण मागतो तुझ्याकडे? एक ओ!"

त्याला एवढं बोलताना कोणीच ऐकलं नव्हतं. मुकादम बघतच राहिला.

२३ नोव्हेंबर
गाल दुखतोय. प्रार्थनेला बसलो. रडलो. तेवढंच.

२६ नोव्हेंबर
काल रविवार. गेलो नाही. कोणी विचारलंही नाही, कुठे होतास.

कुलूपने विचारलं. पट्टी बांधलेल्या हाताने चहा ओतत म्हणाला, "काल खुर्च्या कोणी लावल्या?" मला वाटलं होतं, तो माझं काही ऐकतच नाही.

२९ नोव्हेंबर
पट्टीच्या हाताने कुलूपला कडी ओढवत नाही. म्हणून आज आत मोजणीला तो, दारावर मी. पहिल्यांदाच.

हाक मारली, "काका, आहात का?" ओ नाही. परत मारली. नाही. पाय आपोआप दाराकडे. जाकीट आठवलंच नाही. हात कडीवर गेला, तेव्हा आतून आली — "ओ!"

"एवढा वेळ का लावलात!" ओरडलोच मी.

"मोजणी चुकली असती."

मी दाराला टेकून उभा राहिलो. प्रभू, इतके दिवस मला वाटलं, मी हाका मारतोय आणि तू गप्प आहेस. तू कधीपासून उभा आहेस बाहेर?

ओ.