पाय सोडून बसायची जागा

वडगाव, बेळगाव
मंगळवार

ती. जयाआक्कास,

धाकट्या नागेंद्रचा वाकून नमस्कार. सदलग्यात तुम्ही सगळे बरे असाल. दाजींची कंबर कशी आहे? (गवंडीकाम करावं, पण सिमेंटची पोती तरी पुतण्यांना उचलू द्यावीत.) इकडे नीलम आणि आरोही मजेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण तू फोन स्पीकरवर ठेवून भाकऱ्या थापतेस, आणि आमच्या घरातलं आमच्याआधी तुझ्या गल्लीला कळतं. तेव्हा हे चष्मा लावून एकटीनं वाच.

विषय आपल्या आप्पांचा आहे. तू त्यांना कायमचं सदलग्याला न्यावंस, असं मी पूर्ण विचार करून लिहितो आहे.

आमच्या विणकर सोसायटीनं साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर करायला नवी खोली बांधली आणि तिची देखभाल माझ्या गळ्यात पडली, हे तुला ठाऊक आहेच. त्या खोलीतली फरशी खोटी आहे. म्हणजे खऱ्या जमिनीच्या दीड फूट वर, लोखंडी पायांवर दोन-दोन फुटांचे चौकोन नुसते ठेवलेले आहेत. खालून वायरी जातात आणि एसीचं गार वारं फिरतं. ते वारं जाळीच्या चौकोनांतून वर येऊन मशिनांना लागतं. बसवणाऱ्या इंजिनिअरनं मला तासभर उभं करून नियम सांगितले. जड कपाट ओढायचं नाही, पाणी सांडायचं नाही, आणि चौकोन उचललाच तर भोवती दोरी बांधून, काम संपताच परत बसवायचा. एक जरी उघडा राहिला तरी सगळं वारं तिथूनच पळतं आणि मशिनं तापतात. (उद्घाटनाला आमचे चेअरमन त्याच फरशीवर नारळ फोडायला निघाले होते. इंजिनिअरनं वरच्यावर हात धरला. नारळ बाहेर पायरीवर फुटला, आणि तेव्हापासून चेअरमन माझ्याशी सरळ बोलत नाहीत, जणू हात मीच धरला होता.)

आप्पा दुपारी माझा डबा घेऊन येतात. महिन्यापूर्वी आले तेव्हा आमच्या भावकू वायरमननं एक चौकोन उचलून ठेवला होता. आप्पांनी आत डोकावलं, धोतर सावरलं आणि आत पाय सोडून काठावर बसले. पन्नास वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणलेला माणूस, त्याला उघडा चौकोन दिसल्यावर दुसरं काय सुचणार? मला म्हणाले, "नागेंद्रा, खुळ्यांनो, खड्डा केलासा आन् माग बसवायचा इसरलासा व्हय रं?" मग गार वारं पायाला लागलं आणि गडी तिथेच रमला. भावकूही विणकराचाच पोरगा. तो रोज जेवणाच्या सुट्टीत गुपचूप तो चौकोन उचलून द्यायला लागला. इकडे मशिनं तापायची, एसी धापा टाकायचा, आणि मी बंगळूरच्या एसी कंपनीला तक्रारीवर तक्रार लिहायचो की तुमचं यंत्र कमी पडतं.

शेवटी तपासायला तिकडचे साहेब आले. नेमके त्याच वेळी आप्पा चहाला उठले होते, आणि उठताना आपल्या रीतीप्रमाणे खड्ड्यावर पोतं टाकून गेले होते. आपल्या गल्लीत पोतं दिसलं की खाली खड्डा, हे रांगत्या लेकरालाही कळतं. साहेबांना वाटलं, पाय पुसायला ठेवलंय. बूट पुसायला म्हणून त्यांनी पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. दुसरा पाय वर, हातात फाईल. देवाची कृपा, नडगी खरचटण्यावर भागलं. मी धावलो, पण आप्पा आधी पोचले. कपाळावर आठी घालून त्यांना म्हणाले, "सायेब, एक पाय वर ठिऊन जमत न्हाय. दोन्ही सोडा." साहेब कन्नड बोलणारे, त्यांना शब्द कळले नाहीत, पण चूक आपली काढतायत एवढं कळलं.

मला सोसायटीकडून लेखी ताकीद मिळाली. परका माणूस खोलीत पुन्हा दिसला तर माझी बदली निपाणीच्या शाखेत. भावकू माझ्या नजरेला नजर देत नाही. आप्पांना मीच सांगितलं, उद्यापासून डबा नको. बरं म्हणाले. आता ते दिवसभर सोप्यात खुर्चीवर बसतात. पाय कधी वर घेतात, कधी खाली सोडतात, कुठं ठेवावेत ते त्यांना सापडत नाही. जेवण निम्म्यावर आलंय. मला ते बघवत नाही. तुझ्याकडे घरामागं परडं आहे, चार माणसं येतात-जातात. तेव्हा रविवारी येऊन त्यांना घेऊन जा. दाजींना नमस्कार, मंथनला आशीर्वाद.

तुझा,
नागेंद्र

ता. क. येताना तिकडचा गूळ आण. इथला नीलमला पसंत नाही.

ता. क. दुसरा. न्यायला येऊ नकोस. पत्र पाकिटात घातलं होतं, ते परत काढून लिहितो आहे. माग विकल्यावर सोप्यातला खड्डा मी बुजवला, वर चकचकीत फरशी घातली. आप्पा तेव्हा तुझ्याकडे होते. परत आल्यावर त्यांनी पायानं जागा चाचपली, छान झालंय म्हणाले आणि आत गेले. त्यांना एका शब्दानं विचारलं नाही, याची मला लाज वाटते. रविवारी दाजींना छिन्नी-हातोडा घेऊन पाठव. पाईप गळतोय असं मी नीलमला सांगणार आहे, तूही तेच सांग. माग नाही तर नाही, पाय सोडून बसता तरी येईल. फक्त खड्ड्याची खोली किती धरायची ते मला ठाऊक नाही, बुजवताना मी मोजली नव्हती. आप्पांना विचारलं तर त्यांना कळेल. तू लहानपणी आईचा मार चुकवायला त्यात उतरून उभी राहायचीस. तो तुझ्या कमरेला लागायचा की छातीला, तेवढं आठवून दाजींना सांग.